महाळुंग: एका फळातली चार औषधं

महाळुंग पहिल्यांदा कापून बघणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. वीतभर लांब, हातात जड लागणारं फळ, आणि मधोमध आंबट फोडी जेमतेम एखाद्या लिंबाएवढ्या. बाकी सगळा पांढरा, जाड, दाबला तर आत जाणारा गर. रसासाठी विकत घेतलं तर सौदा तोट्याचाच. अर्ध्या किलोच्या फळातून पाव वाटी रस निघाला तरी चांगला म्हणायचा.

पण आयुर्वेदाने या फळाकडे मोठं लिंबू म्हणून कधी पाहिलंच नाही. बाहेरची साल, तिच्याखालचा पांढरा गर, मधलं केसर (म्हणजे रसाचे दाणे) आणि बी यांचा विचार त्याने वेगवेगळा केला. नुसता वेगवेगळा नाही, तर काही बाबतींत अगदी उलटासुलटा. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात फळांची माहिती येते. तिथे मातुलुंगाचं केसर हलकं आणि बाकीचं फळ त्याच्या उलट, असं स्पष्ट सांगितलं आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात आणखी फोड केली. साल कडू, पचायला अवघड, वात, कफ आणि कृमींवर काम करणारी. पांढरा गर, ज्याला तो मांस म्हणतो, तो गोड, थंड, जड, स्निग्ध आणि वातपित्त कमी करणारा. केसर हलकं, भूक वाढवणारं, गुल्म (पोटातला गोळा) आणि मूळव्याधीत उपयोगी. रस शूल (पोटातली कळ), अजीर्ण, मलबंध, मंदाग्नी (मंदावलेलं पचन) आणि विशेषतः अरुचीसाठी.

म्हणजे 'महाळुंग पचायला हलकं की जड' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठला भाग, ते आधी सांगावं लागतं. आजकाल घरगुती उपाय सांगणारे हा भेद सरसकट गाळतात. 'एक महाळुंग घ्या, तुकडे करा, मिक्सरला लावा, गाळून प्या' अशी कृती सांगितली जाते. त्यात सालीचं तेल, गराचा जडपणा, बियांचा कडूपणा आणि थोडासा रस असं सगळं एकत्र येतं. मंदाग्नीसाठी म्हणून प्यायलेल्या माणसाचं पोट त्याने आणखी फुगलं तर दोष फळाचा नाही.

झाड आणि ओळख

महाळुंगाचं शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका. संस्कृतात मातुलुंग, बीजपूर, बीजपूरक; हिंदीत बिजौरा, गुजरातीत बिजोरुं. मूळ घर हिमालयाच्या पायथ्याचा ईशान्य भारताकडचा पट्टा. लिंबूवर्गीय झाडांच्या वंशावळीत पपनस आणि संत्र्याचे मूळ पूर्वज यांच्याबरोबर महाळुंगाचं नाव येतं, आणि बाकीची पुष्कळशी फळं यांच्या संकरातून आली. पिवळं मोठं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू, दोघांचाही बाप महाळुंगच. बाप हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा: दोन्ही संकरांत पराग महाळुंगाचा होता, हे जनुकीय अभ्यासातून दिसलं आहे.

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते हेच. महागणपतीच्या ध्यानातही बीजपूर येतं. एवढा मान असलेलं फळ आज बाजारात शोधावं लागतं, ही वेगळी गोष्ट.

झाड लहान, दहा-पंधरा फुटांच्या आत, फांद्या वेड्यावाकड्या पसरलेल्या. पानांच्या बेचक्यात लांब, ताठ काटे. पान लांबट, कडा बारीक दातेरी आणि देठाला पंख नाहीत. ही खूण महत्त्वाची. पपनसाच्या पानाच्या देठाला रुंद पंख असतो, पान दोन तुकडे जोडल्यासारखं दिसतं. आंबट जातींत नवी पालवी आणि फुलांच्या कळ्या जांभळट असतात.

बाजारात मात्र पान दिसत नाही, आणि नावावर तर अजिबात जाऊ नये. ईडलिंबू या नावाखाली वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी फळं विकली जातात, त्यात महाळुंगही असतं आणि जंबीर ही लिंबाची दुसरी जातही. खात्री फक्त कापल्यावर होते. महाळुंगाचा पांढरा थर बोटभर जाड, चवीला कडू नाही, किंचित गोडसर किंवा सपक. नुसता चावून खाता येतो. पपनसाचा पांढरा थर जाड असला तरी कडू, आणि आतला गर भरपूर, मोठ्या रसाळ फोडींचा. जंबिरात रस भरपूर आणि पांढरा थर त्या मानाने पातळ. वरून ओळखायचं तर महाळुंगाची साल खडबडीत, गाठाळ, टोकाला बहुधा बोंडासारखा उंचवटा, आणि नखाने खरवडली की येणारा वास लिंबापेक्षा गोड आणि रेंगाळणारा.

फळ सोडवायचं कसं

औषधासाठी फळ कापण्याची रीत लिंबासारखी नाही. आधी फळ धुवून पूर्ण कोरडं करा. ओली साल सोलताना सुरी घसरते आणि तेलाचे थेंब पाण्याबरोबर वाहून जातात. सालकाढणीने फक्त पिवळा थर पातळ काढून घ्या. पांढरं जितकं कमी लागेल तितकं बरं. मग देठापासून टोकापर्यंत चार उभे चिरे द्या, पण सुरी पांढऱ्या थरातच थांबली पाहिजे. अंगठ्याने चिऱ्यातून पांढरा थर उचकटला की तो संत्र्याच्या सालीसारखा पण जाडजूड पाकळ्यांनी सुटून येतो आणि मधला फोडींचा गड्डा हातात राहतो.

आता फोडी वेगळ्या करून त्यांचं पातळ आवरण सोलून काढायचं, बिया वेचायच्या. राहतात ते रसाचे बारीक, टोकदार, फिकट पिवळे दाणे. हेच केसर. रस हवा असेल तर केसर सुती फडक्यात घेऊन हाताने पिळा. मिक्सरला लावू नका. एक बी जरी भरडली गेली तरी रसाला कडूपणा येतो, आणि तो साखरेने झाकला जात नाही.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चालणार नाही. आंबट रसात धातू उतरतो. रस काढला की त्याच दिवशी वापरायचा. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो, पण वास निम्मा होतो.

केसर आणि रस

औषध म्हणून सगळ्यात जास्त कामाचा भाग हाच, आणि याच्याच कृती सगळ्यात सोप्या.

ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते, अन्न समोर आलं की नको वाटतं. अशा अरुचीसाठी एक चहाचा चमचा केसर, चिमूटभर सैंधव आणि पाव चमचा तूप एकत्र करून जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तोंडात धरायचं, सावकाश चघळायचं. गिळलं तरी हरकत नाही, पण लगेच गिळलं तर निम्मा उपयोग गेला. काम जिभेवर आणि लाळेवर व्हायचं असतं. तूप पुष्कळ जण गाळतात. तसं करू नका. आजारपणात जीभ सोललेली, कोरडी असते; नुसतं आंबट-खारट तिला झोंबतं आणि रोगी दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. तोंड आलं असेल, जिभेवर फोड असतील तर मात्र हा प्रयोग थांबवायचा.

जेवणानंतर पोट तटतटून फुगणं, ढेकर अडणं, बेंबीच्या आसपास कळ येणं, यासाठी दहा मिली रस, पाच मिली आल्याचा रस, दोन चिमटी सैंधव आणि तुपात फुलवलेला मुगाच्या दाण्याएवढा हिंग, अर्धी वाटी कोमट पाण्यातून. हिंग कच्चा घातला तर मळमळ वाढते. दिवसातून दोन वेळा, एक-दोन दिवस. तेवढ्यात फरक पडला नाही तर मात्रा वाढवण्यात अर्थ नाही. कळ कशाची आहे ते तपासून घ्यायला हवं. उजवीकडे खाली सरकणारी कळ, सोबत ताप किंवा उलट्या, पोट दाबल्यावर दगडासारखं लागणं, अशा वेळी महाळुंग बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

उचकीसाठी ग्रंथांतला पाठ (औषधाची कृती) म्हणजे रस, मध आणि सौवर्चल मीठ. घरी पादेलोण वापरतात. एक चमचा रस, एक चमचा मध, पादेलोण चिमूटभर, बोटाने चाटत चाटत. गरम पाण्यात घालायचं नाही; मध तापवू नये हा आयुर्वेदाचा नियम इथेही लागू. उचकी ४८ तासांपेक्षा जास्त टिकली तर ते साधं दुखणं नाही.

चरकाने केसराच्या उपयोगांत मद्यामुळे आलेल्या विभ्रमाचाही उल्लेख केला आहे. आदल्या रात्रीचा हिशेब सकाळी चुकवणाऱ्यांना हे वाचून आनंद होईल. मळमळ आणि तोंडाची चव यांपुरता उपयोग खरा, पण रिकाम्या, चिडलेल्या जठरात नुसता आंबट रस ओतला तर जळजळ वाढते. साखर-मिठाच्या पाण्यात पातळ करून, घोट घोट.

एक गोष्ट वाचणाऱ्यांना बुचकळ्यात टाकते. सुश्रुत केसराला ग्राही म्हणतो, म्हणजे मळ बांधणारं, आणि पुढच्याच ओळीत रस मलबंधात द्यायला सांगतो. आमच्या मते याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की हे रेचक नाही. भूक आणि पचन सुधारल्यामुळे शौचाचं वेळापत्रक सुधारतं. जुन्या बद्धकोष्ठावर पोट साफ करायला महाळुंग घेणाऱ्याची निराशाच होते.

दुसरा पेच पित्ताचा. रस आंबट आणि उष्ण, तरी भावप्रकाश या ग्रंथात या फळाला रक्तपित्त (नाकातोंडातून रक्त जाणं) आणि तहान कमी करणारं म्हटलं आहे, आणि पित्ताच्या मळमळीवर महाळुंगाचा पाक देण्याची चाल आजही आहे. कर्नाटकात मादीफळ रसायन नावाने जे मिळतं ते याच जातीचं. फरक पडतो फळाच्या पक्वतेने आणि सोबतच्या द्रव्याने. पूर्ण पिकलेलं, पिवळं फळ आणि दुप्पट साखर, हा पित्ताकडचा रस्ता. हिरवट-पिवळं फळ, मीठ, हिंग, आलं, हा वाताकडचा. मध आणि मिरे-सुंठ, हा कफाकडचा. छातीत जळजळ असताना हिंग-मिठाची कृती घेतली तर त्रास हमखास वाढणार.

मळमळीसाठी पाक

रस २५० मिली, साखर ५०० ग्रॅम, पाणी २०० मिली, जिरेपूड पाच ग्रॅम, वेलदोडा दोन ग्रॅम. साखर आणि पाण्याचा आधी पाक करा. मळी वर आली की चमचाभर दूध घालून काढून टाका. दोनतारी पाक झाला की आच बंद. कोमट होऊ द्या आणि मगच गाळलेला रस घाला. ढवळून, जिरे-वेलदोडा मिसळून बाटलीत भरा. रस घातल्यावर उकळायचं नाही. वास उडतो आणि चव शिजवलेल्या लिंबासारखी बोथट होते.

रस घातल्यावर पाक पातळ होतो, म्हणूनच आधी दोनतारी घ्यायचा. एकतारीवर रस घातला तर आठवड्याभरात बाटलीत बुडबुडे दिसू लागतात, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. आंबलेला पाक टाकून द्यायचा, पुन्हा उकळून वाचवायचा नाही. उलट पाक फार घट्ट झाला तर तळाशी साखरेचे खडे धरतात. त्यावर उपाय म्हणजे पाकातच एक चमचा रस आधी घालून दोन मिनिटं उकळणं. आंबटामुळे साखर फुटते आणि नंतर खडा धरत नाही. तयार पाक फ्रीजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवावा.

प्रौढांना दोन चमचे पाक, पाऊण वाटी गार पाण्यातून, घोट घोट. गरोदरपणाच्या मळमळीत एवढ्या मात्रेत, अन्न म्हणून घ्यायला सहसा हरकत नसते, पण उलट्यांनी पाणीसुद्धा टिकत नसेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

साल

पिवळ्या सालीत तेलाच्या पिशव्या असतात आणि त्या तेलात मुख्य घटक लिमोनिन नावाचं सुगंधी द्रव्य. तोंडाला वास येत असेल तर नखाएवढा ताजा तुकडा जेवणानंतर चावून थुंकून टाकायचा. हे जुनं आणि निर्धोक. सालीचं चूर्ण करायचं असेल तर पातळ काढलेली साल सावलीत, जाळीवर, एकेरी थरात वाळवा. उन्हात वाळवलेली साल रंगाला सुरेख दिसते, पण तेल उडून गेल्यामुळे तिच्यात उरतो तो कडूपणा. मोडताना कट्कन आवाज आला की वाळली. वाकत असेल तर अजून ओल आहे, आणि ओल राहिलेल्या सालीला डब्यात बुरशी धरते. सहा महिन्यांनी वास घेऊन बघा. वास नसेल तर ते चूर्ण औषध म्हणून संपलं.

मात्रा एक ग्रॅम, जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर. साल पचायला अवघड आहे हे सुश्रुताने सांगितलंच आहे, तेव्हा जास्त घेऊन जास्त गुण येत नाही, पोट मात्र जड होतं. कृमींवर सालीचा उल्लेख असला तरी मुलाला जंत झालेत हे दिसत असताना सालीच्या चूर्णावर विसंबू नये. आजची जंतांची औषधं एका मात्रेत काम करतात.

सालीचा रस किंवा तेल चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नका. लिंबूवर्गीय सालीच्या तेलात अशी द्रव्यं असतात की उन्हाचा मारा त्वचेवर वाढतो; आधी भाजल्यासारखी आग, मग फोड, आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

पांढरा गर आणि त्याचा मुरांबा

जो भाग लोक फेकून देतात तो खरं तर फळाचा सगळ्यात मोठा भाग. थंड, जड, स्निग्ध. कृश, वातपित्ताच्या प्रकृतीच्या, कोरडा खोकला किंवा सतत जळजळ असणाऱ्या माणसाला मुरांबा म्हणून चांगला. ज्याची जीभ पांढरी, भूक मेलेली, अंग जड, त्याला अजिबात नाही. भरपूर पेक्टिन असल्यामुळे याचा मुरांबा सुंदर पारदर्शक होतो. फक्त घाई चालत नाही.

पिवळी साल काढलेल्या गराच्या अर्धा किलो फोडी घ्या, साधारण दोन सेंटिमीटरच्या. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा, वर ताटली ठेवून दाबा, नाहीतर फोडी तरंगतात. सकाळी धुवून साध्या पाण्यात दोन तास, पाणी एकदा बदलून. मग ताज्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं शिजवा, पाणी फेका, पुन्हा ताज्या पाण्यात शिजवा. टाचणी विनासायास आरपार गेली पाहिजे. मुरांबा इथेच जमतो किंवा बिघडतो. साखरेत गेल्यावर फोड आणखी मऊ होत नाही. अर्धवट शिजलेल्या फोडीतलं पाणी साखर खेचून घेते, आत साखर शिरत नाही, आणि ती आक्रसून चामड्यासारखी होते. मग कितीही उकळा.

निथळलेल्या फोडींना पहिल्या दिवशी ३०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाण्याचा पातळ पाक. उकळी आणून पाच मिनिटं, मग झाकून तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी फोडी काढून पाकात १५० ग्रॅम साखर, उकळी, फोडी परत. तिसऱ्या दिवशी पुन्हा १५० ग्रॅम आणि दोन चमचे महाळुंगाचा रस. चौथ्या दिवशी पाक दोनतारी होईपर्यंत मंद आचेवर. फोड उजेडात धरली की काचेसारखी दिसली पाहिजे. मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल तर आणखी एक दिवस. सगळी साखर पहिल्याच दिवशी घातली तर पुन्हा तीच आक्रसण्याची गत. गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरा, पाक फोडींच्या वर बोटभर राहू द्या, तोंडाला फडक्याचा दादरा बांधा. पाकाबाहेर राहिलेल्या फोडीवरच बुरशी सुरू होते.

मोठ्यांना सकाळी एक-दोन फोडी. मधुमेह्यांनी या वाटेला जाऊ नये.

भावना

वैद्यांच्या कारखान्यात महाळुंगाचा खरा खप भावनेसाठी. चूर्ण रसात भिजवून, खलून, वाळवायचं आणि असं पुन्हा पुन्हा करायचं, ही ती क्रिया. चरकाने गुल्माच्या प्रकरणात हिंग्वादी (हिंग वगैरे द्रव्यांच्या) चूर्णाला मातुलुंगाच्या रसाची भावना देऊन गोळ्या करायला सांगितल्या आहेत, आणि नुसत्या चूर्णापेक्षा त्या अधिक काम करतात असंही म्हटलं आहे. कारण समजायला कठीण नाही: प्रत्येक भावनेत रसातली आम्लं आणि घन भाग चूर्णात मुरतो, कण बारीक होत जातात, आणि हिंग-मिरीसारखी तीक्ष्ण द्रव्यं गोळीत धरली जातात.

शंभर ग्रॅम चूर्णाला एका वेळी साधारण साठ ते ऐंशी मिली रस लागतो. चूर्ण ओलं होऊन बत्त्याला चिकटेल इतकाच. जास्त ओतला तर खलणं होत नाही, नुसतं कालवण होतं. खल दगडी किंवा चिनी मातीचा. लोखंडी खलात आंबट रस खलला तर चूर्ण काळं पडतं आणि त्यात लोखंड उतरतं. निदान तीन तास खलायचं, पातळ पसरून वाळवायचं, पूर्ण सुकल्यावरच पुढची भावना. सात भावनांना पाऊण किलो फळांत काही होत नाही, किती फळं लागतील याचा अंदाज आधी करा. पावसाळ्यात हे काम काढू नये. मिठाचं प्रमाण असलेलं चूर्ण हवेतली ओल ओढतं, दोन दिवस दमट राहतं आणि त्याला कुबट वास येतो. तो वास पुढच्या भावनेने जात नाही.

धातू-खनिजांची औषधं करणाऱ्या रसशास्त्रातही हा रस लागतो. शार्ङ्गधरसंहितेतल्या पाठात सुवर्णमाक्षिक हे खनिज तीन भाग आणि सैंधव एक भाग, मातुलुंग किंवा जंबिराच्या रसात लोखंडी पात्रात, पात्र लाल होईपर्यंत परतायला सांगितलं आहे. माक्षिकात गंधक असतो, तापवताना निघणारा धूर फुप्फुसांना घातक. हे घरच्या गच्चीवर करायचं काम नाही, कितीही व्हिडिओ बघितले तरी.

मूळ, बी आणि जे करू नये

बिजपुराचं मूळ जटामांसी, देवदार, सुंठ, रास्ना आणि अग्निमंथाबरोबर वाताच्या सुजेवर लेप म्हणून येतं. त्वचा फुटलेली नसेल तर वैद्याच्या सल्ल्याने चालण्यासारखं. चेहऱ्याच्या डागांवरच्या एका जुन्या लेपात मात्र महाळुंगाच्या मुळाबरोबर मनःशिला आहे, म्हणजे सोमलाचंच (आर्सेनिकचं) विषारी संयुग. तो पाठ जसाच्या तसा वापरू नका. सुखप्रसूतीसाठी मूळ ज्येष्ठमधाबरोबर पोटात द्यायचा पाठही आहे. प्रसूती ही प्रयोगाची वेळ नव्हे. कानदुखीत कवठ, महाळुंग आणि आल्याचा कोमट रस कानात घालण्याची रीत तर पूर्ण सोडून द्यावी अशी. पडद्याला छिद्र आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि आंबट रस मध्यकर्णात गेला तर दुखणं भलत्याच थराला जातं. बियांचा घरगुती वापर नसलेलाच बरा.

मूतखड्याबद्दल विचारणा खूप होते. आंबट फळांतल्या सायट्रेटमुळे लघवीत सायट्रेट वाढतं आणि कॅल्शियमचे खडे तयार होण्याला अटकाव होतो, हे आधुनिक वैद्यकालाही मान्य. पण अटकाव वेगळा आणि अडकलेला खडा विरघळवणं वेगळं. दुसरं काम महाळुंगाकडून अपेक्षू नये.

जठरव्रण, छातीत वर येणारं आम्ल, दातांची झीज असणाऱ्यांनी रस टाळावा. बाकीच्यांनी प्यायल्यावर चूळ भरावी आणि अर्धा तास दात घासू नयेत. पपनस आणि ग्रेपफ्रूटमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढते. महाळुंग त्यांच्याच गोतातलं आहे. अशा गोळ्या चालू असतील तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

झाड लावायचं असेल तर

बाजारातल्या फळाची साल औषधात वापरणं आम्हाला पटत नाही, कारण फवारणीचा अंश असतो तो सालीवरच. त्यापेक्षा एक झाड लावावं. कागदी लिंबाच्या एका बीतून एकाहून जास्त, मातृवृक्षासारखी रोपं येतात. महाळुंगाच्या बीत एकच गर्भ असतो, रोप आईसारखंच निघेल याची हमी नाही आणि फळाला वर्षं लागतात. छाट कलम सोपं. जून-जुलैत पक्क्या फांदीचे पेन्सिलीच्या जाडीचे वीस सेंटिमीटरचे तुकडे, दोन तृतीयांश मातीत, सावलीत.

दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, पंधरा किलो कुजलेलं शेणखत, आणि रोपाची मान मातीच्या वर. पाणी खोडाला लागता कामा नये. खोडाभोवती मातीचा उंचवटा आणि बाहेरून आळं, अशी दुहेरी आळ्याची पद्धत ठेवा. खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या येतो. डिंक दिसला तर तेवढी साल खरवडून बोर्डोमलम लावायचं: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर या प्रमाणात, घरच्या एका झाडाला शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पुरे.

कोवळ्या पानांवर पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा, पुढे हिरवा होणारा जीव म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची अळी, हाताने वेचा. नागअळीला पाच टक्के निंबोळी अर्क फक्त नव्या पालवीवर. जुन्या पानांवर मारून काही साधत नाही.

फळ वजनदार, फांद्या नाजूक, तेव्हा टेकू द्यायचा. जमिनीला टेकलेलं फळ सडतं. वाऱ्याने काट्यावर घासलेल्या फळालाही जखमेतून सड लागते, म्हणून फळाजवळचे काटे आधीच कापून टाका. हिंग्वादीच्या भावनेसाठी हिरव्यावर पिवळी झाक आली की काढा, पाकासाठी पूर्ण पिवळं होऊ द्या. ओढून तोडू नका. कात्रीने, देठ अर्धा सेंटिमीटर ठेवून. ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि फळ तिथून आठवड्यात काळं पडतं.